विणलेला बिल्ला आणि भरलेला बिल्ला

अंगावर मिरवावयाच्या खुणेला आपण बिल्ला म्हणतो. चपराशी हा शब्द ज्या ‘चपरास’पासून आला, ती चपरास म्हणजे पट्ट्यावरची पितळी पाटीच होय. ज्या कचेऱ्यांत माझी हयात गेली तेथून ती पाटी गेली, शब्द तेवढा मागे राहिला. कापडी बिल्ल्याकडे मात्र इतिहास म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. सुवर्णमहोत्सवी स्वयंसेवकांसाठी करावयाचा बिल्ला विणून घ्यावा की भरतकामाचा करवून घ्यावा, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा त्याची चर्चा केवळ दराच्या अंगाने झाली. वस्तुतः या साध्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात पुष्कळ माणसांच्या भाकरीचा संबंध येतो.

दोहोंतील भेद आपल्या घरातल्याच उदाहरणाने समजतो. इरकली लुगड्याचा टोपपदर मागावर विणला जातो आणि त्याच लुगड्यावर धारवाडकडचा कसुतीचा कशिदा सुईने काढतात. पदरातील नक्षी ही कापडाचीच घडण असते. ती उसवू गेल्यास कापडच उसवेल. कशिद्यात आधी कापड सिद्ध होते आणि मग नक्षी त्यावर चढते. बिल्ल्यांचे नेमके असेच आहे. विणलेला बिल्ला पातळ, सपाट आणि बारीक रेघेचा. भरलेला बिल्ला जाड, उठावाचा आणि हाताला जाणवणारा.

विणलेल्या बिल्ल्याचे मूळ फ्रान्समधील लियाँ शहरात शोधावे लागते. जोझेफ मारी जाकार याने इ. स. १८०४ च्या सुमारास मागावर बसविण्याचे एक यंत्र सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडून, कोणत्या फेरीला कोणते उभे धागे उचलावयाचे हे त्या भोकांनीच ठरवावे, अशी त्याची योजना होती. १८३९ मध्ये लियाँ येथे याच पद्धतीने खुद्द जाकारचे रेशमी चित्र विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने मिळविली होती. संगणकाच्या इतिहासात हे चित्र येते ते त्यामुळे. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट एवढीच की, विणकामात सारा खर्च आणि सारी मेहनत आरंभी असते. एकदा पट्ट्या तयार झाल्या की पहिला नग आणि दहा हजारावा नग यांत फरक राहत नाही.

या गुणाचे सुख आणि दुःख दोन्ही इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराने भोगले. रेशमी फिती विणणे हा त्या शहराचा मुख्य धंदा. जॉन आणि जोझेफ कॅश या बंधूंनी १८५७ मध्ये विणकरांसाठी घरांच्या रांगा बांधावयास घेतल्या. खाली बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर माग आणि सर्व मागांना एकाच वाफेच्या इंजिनाची गती, अशी त्यांची रचना होती. शंभर घरे योजिली होती, बांधली गेली अठ्ठेचाळीस. कारखान्याची गती आणि घराचे स्वातंत्र्य एकत्र नांदविण्याचा हा प्रयत्न मला त्या शतकातील मोठ्या विचारी प्रयत्नांपैकी एक वाटतो. परंतु १८६० मध्ये इंग्लंड-फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच फितींवरील जकात उठली आणि कॉव्हेंट्रीचा धंदा कोसळला. त्याच वर्षी विणकरांचा संप झाला, तोही फसला. कित्येक कुटुंबे देशोधडीला लागली, कित्येकांनी परदेश गाठला.

या पडझडीतून जे तरले, त्यांनी फितीचा आकार लहान केला. टॉमस स्टीव्हन्स याने १८६२ पासून रेशमात विणलेल्या वाचनखुणा बाजारात आणल्या आणि पुढे चौकटीत लावावयाची विणीव चित्रे काढली. संग्राहक त्यांना आजही ‘स्टीव्हनग्राफ’ म्हणतात. कॅश बंधूंचे नाव पुढे शाळकरी मुलांच्या कपड्यांवर टाचावयाच्या विणलेल्या नामपट्ट्यांसाठी घरोघर पोहोचले. आज सदऱ्याच्या कॉलरमागे शिंप्याचे किंवा कंपनीचे नाव असलेली जी इवलीशी पट्टी असते, ती याच कुळातली.

भरतकामाच्या यंत्राची कथा वेगळ्या डोंगरातली आहे. म्यूलूझ येथील जोस्यूए हाइलमान याने १८२८ मध्ये असे यंत्र केले की, कारागीर सहापट मोठ्या नकाशावर एक टोक फिरवी आणि त्याबरोबर पुढच्या ताणलेल्या कापडावर शेकडो सुया तीच नक्षी लहान आकारात काढीत. पूर्व स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या परिसरात शेतकऱ्यांच्या घरांतून ही यंत्रे बसली. पुरुष यंत्र चालवी आणि बायका-मुले सुयांत दोरे ओवीत बसत. १८६३ मध्ये इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राचे तत्त्व घेऊन अखंड दोरा आणि होडीच्या आकाराचे शटल वापरणारे यंत्र बनविले. तिकडच्या बोलीत ‘शिफली’ म्हणजे छोटी होडी. यंत्राचेही तेच नाव पडले. ग्रोब्लीच्या मुलाने १८९८ च्या सुमारास त्याला भोकांच्या पट्ट्या जोडल्या, म्हणजे जाकारची विद्या सुईच्या घरी नांदावयास आली. १९१० च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडच्या निर्यातीतील पहिल्या क्रमांकाचा माल होता. पहिले महायुद्ध आले, मागोमाग पोशाखाची रुची बदलली आणि हाही धंदा बसला.

कापडी बिल्ल्याला खरे बळ दिले ते सैन्यांनी. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली जनरल कर्नी याने आपल्या अधिकाऱ्यांना टोपीवर तांबड्या कापडाचा तुकडा लावावयास सांगितले, तो निव्वळ कातरलेला तुकडा होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराच्या चौथ्या डिव्हिजनचा तांबडा गरुड, पाचवीचे काळ्यावर तांबडे वर्तुळ, सतराव्याचे काळे मांजर ही चिन्हे शिपायांच्या बाहीवर दिसू लागली. सुताच्या टंचाईमुळे ब्रिटनमध्ये पुष्कळ चिन्हे कापडावर नुसती छापली गेली. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

आपल्या देशात यंत्राआधीची परंपरा अजून हयात आहे. वाराणसीच्या लल्लापुरा मोहल्ल्यात जरदोजीचे कारागीर कारचोबावर कापड ताणून पलटणींचे, क्लबांचे आणि शाळांचे बिल्ले भरतात आणि ते विलायतेपर्यंत जातात. धातूच्या तारेची बारीक वेटोळी कापून मण्यांप्रमाणे सुईत ओवावयाची, खाली सुताची उशी देऊन उठाव आणावयाचा, असे हे काम. येथे पट्ट्या नाहीत, आरंभीचा खर्च नाही. दहा नग हवेत तर दहाच होतात. कॉव्हेंट्री आणि सेंट गालेन यांना मोठ्या मागणीवाचून जगता आले नाही, हा मोहल्ला मात्र दहा-वीस नगांवरही हात चालू ठेवतो. अर्थात या कामाची मजुरी कष्टांच्या मानाने तुटपुंजी आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता मंडळाच्या बिल्ल्याविषयी. नगांची संख्या, चिन्हाचा उठाव, कापडाचा पोत हे सर्व विचार खरे; परंतु आपल्यापुरता निर्णायक विचार मला लिपीचा वाटतो. सुईचा प्रत्येक टाका दोऱ्याएवढा जाड असतो. रोमन अक्षर त्या जाडीत निभावते. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. ‘सुवर्णमहोत्सव’ हा शब्द अर्ध्या इंचाच्या उंचीत टाक्यांनी भरावयास सांगून पाहावा: रफार शिरोरेखेत बुडतो आणि ‘त्स’ची गाठ होते. त्यातून आपण हिंदी मुलखात राहणारी माणसे. नमुना नीट न दिल्यास कारागीर आपल्या सवयीने ‘मंडळ’चे ‘मंडल’ करणार, आणि त्यात त्याचा काय दोष? मागावर बारीक धाग्यात हीच अक्षरे स्वच्छ उतरतात.

म्हणून ज्या बिल्ल्यावर मंडळाचे पूर्ण नाव हवे तो विणून घ्यावा, असे माझे मत मी बैठकीत मांडले. व्यासपीठावरील पाहुण्यांसाठी ज्या मोजक्या बिल्ल्यांवर केवळ समईचे चिन्ह असेल, ते जरदोजीवाल्यांकडून भरवून घ्यावेत आणि दरात घासाघीस करू नये. विणकराकडे पाठवावयाचा मजकूर टंकलेखित न देता सुलेखनकाराकडून मोठ्या अक्षरांत काढून द्यावा, आणि सारे नग सांगण्यापूर्वी एक नग हाती घेऊन रफार जागेवर आहे की नाही ते भिंगाखाली पाहावे.