चांदीचा चषक व फुटकी बादली

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधकामाचा इतिहास, होऊन गेलेल्या फादरांचीं चरित्रें, गायकमंडळाचें वृत्त हें सर्व यावें हें योग्यच होय. परंतु देवळाच्या मागें जें मैदान आहे, त्याविषयीं लिहिण्यास कोणी पुढें येईना, म्हणून संपादकमंडळानें तें काम आमच्यावर सोंपविलें. मैदानाचा इतिहास म्हणजे त्यावर खेळणाऱ्या संघाचा इतिहास. आणि आमच्या तरुणमंडळाच्या फुटबॉल संघाच्या गेल्या हंगामाचा वृत्तांत द्यावयाचा तर तो दोन ओळींत आटोपतो. संघ पांच सामने खेळावयाचा होता. त्यांतील एक जिंकला, एक बरोबरींत सुटला, दोन हरला, आणि पांचव्या सामन्यास आमचे सहाच गडी हजर राहिल्यामुळें तो न खेळतांच प्रतिपक्षास बहाल करावा लागला.

हरण्याचें आम्हांस कांहीं वाटलें नाहीं. जो खेळतो तो कधीं ना कधीं हरतोच. पण न खेळतां गमाविलेला तो पांचवा सामना आमच्या मनाला लागून राहिला. ह्या धर्मग्रामांत एवढीं कुटुंबें असतां अकरा गडी मिळूं नयेत! ह्या प्रश्नाचा विचार करीत असतां आम्हांस एका जुन्या क्लबाची हकीकत आठवली. ती आमच्या वाचकबंधुभगिनींस ठाऊक असण्याचा संभव थोडा, म्हणून ती येथें जरा विस्तारानें देतों.

तो क्लब कलकत्त्याचा, आणि खेळ रग्बीचा. रग्बी हा फुटबॉलचा सख्खा भाऊ, पण स्वभावानें दांडगा. ह्यांतला चेंडू वाटोळा नसून शेंडी काढलेल्या नारळासारखा लांबट असतो. तो पायानें मारतां येतो, तसाच हातांत धरून पळतांहि येतें. आणि ज्याच्या हातीं चेंडू असेल त्यास प्रतिपक्षानें कवटाळून खालीं पाडावें असा नियम आहे. आपल्या गड्याकडे चेंडू फेंकावयाचा तो मात्र मागेंच. पुढें फेंकण्यास मनाई. ज्यांनीं लहानपणीं हुतुतू खेळून गुडघे फोडून घेतले आहेत, त्यांस ह्या खेळाची गोडी समजावून सांगावी लागणार नाहीं.

इ. स. १८७२ च्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यांत ह्या खेळाचा एक सामना झाला. एका बाजूस इंग्लंडचे वीस गडी, दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स मिळून वीस. एका बाजूस पंधराच गडी असावेत हा आजचा नियम तेव्हां रूढ झाला नव्हता. खेळ इतका रंगला कीं आठवड्यानें तो पुन्हां खेळला गेला, आणि १८७३ च्या जानेवारींत कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं तो इंग्लंडांतील रग्बी युनियनचा सभासद झाला. हवा उष्ण आणि जमीन कठीण, तरी आरंभीं सभासदांस तोटा नव्हता. त्याचें एक कारण असें सांगतात कीं, क्लबांत मद्य फुकट मिळे. तें बंद झालें, तसे सभासद गळूं लागले. एक गोरी पलटण तेथून हलली, तिच्याबरोबर चांगले खेळाडूहि गेले. उरलेल्यांचें मन टेनिस व पोलो ह्यांकडे वळलें. पांचसहा वर्षांत क्लब ओस पडला.

ह्या क्लबापाशीं जागा होती, नांव होतें, बँकेंत शिल्लक होती. नव्हते ते फक्त गडी. आणि हें कोठें, तर कलकत्त्यासारख्या लाखों माणसांच्या शहरांत! त्या लाखोंपैकीं चाळीस जणांना आंत बोलवावें हें कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि त्या काळच्या गोऱ्या क्लबांत तें येण्याजोगेंहि नव्हतें. क्लबाचे चिटणीस व खजिनदार रॉथनी ह्यांनीं शिल्लक रकमेची एक व्यवस्था सुचविली. बँकेंतील पैसा चांदीच्या रुपयांत काढण्यांत आला; ते २७० रुपये वितळवून हिंदी कारागिरांकडून एक चषक घडविण्यांत आला. त्याच्या तिन्ही मुठी फणा काढलेल्या नागांच्या आकाराच्या, आणि झांकणावर हत्ती. १८७८ सालीं तो इंग्लंडांतील रग्बी युनियनला अर्पण केला. १८७९ च्या मार्च महिन्यांत एडिंबरो येथें इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्यांत त्यासाठीं पहिला सामना झाला व तो बरोबरींत सुटला. महायुद्धांसारखे खंड सोडले तर हे दोन देश आजतागायत त्या ‘कलकत्ता कपा’साठीं झुंजत आले आहेत. १९८८ सालीं सामन्याच्या रात्रीं दोन खेळाडूंनीं तो एडिंबरोच्या रस्त्यांवर नेऊन इतका चेपविला कीं दुरुस्तीस पाठवावा लागला, ही गोष्ट त्यांच्या खिलाडूपणास शोभण्यासारखी नव्हे. पण चषक सुंदर आहे ह्यांत शंका नाहीं. क्लब मात्र त्याच्या चांदींत आटला.

रग्बी पुढें आपल्या देशांत पुन्हां रुजला, १९२४ पासून अखिल भारतीय सामनेहि होऊं लागले. तथापि तो बराच काळ जिमखान्यांच्या व पलटणींच्या कुंपणांतच राहिला. हें कुंपण मुंबईस कसें उघडलें हें थोडक्यांत सांगतों. बॉम्बे जिमखाना ही १८७५ सालची संस्था. पावसाळ्यांत तिच्या मैदानावर चिखलांत रग्बीचे डाव चालतात. मॅथ्यू स्पेसी नांवाचे एक इंग्रज गृहस्थ तेथें खेळत असत. समोरच्या पदपथावरील मुलें हा चिखलांतला गोंधळ पाहत उभीं राहत. स्पेसींनीं त्यांस आंत बोलावून खेळ शिकविला, आणि त्यांतूनच १९९९ सालीं ‘मॅजिक बस’ ही संस्था जन्मास आली. पुढें २००४ सालीं खुद्द कलकत्त्यांत पॉल वॉल्श ह्यांनीं ‘जंगल क्रोज’ नांवाचा रग्बी क्लब काढून गरीब वस्त्यांतील मुलांस त्यांत घेतलें. ज्या शहरांत एकदां क्लब गड्यांवांचून मेला, तेथेंच हे गडी होते! मुलींचें तर विचारूंच नका. ज्या खेळांत पुरुषांचीं हाडें मोडतात त्यांत आमच्या मुलींनीं पडावें काय, असें म्हणणाऱ्या मातापित्यांस आम्ही एवढेंच कळवूं इच्छितों कीं, २०१९ च्या जून महिन्यांत मनिला येथें हिंदुस्थानच्या मुलींनीं सिंगापूरचा २१ विरुद्ध १९ गुणांनीं पराभव केला, आणि पंधरा जणींच्या रग्बींत देशाचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता.

आतां आपल्या नागपुराकडे वळूं. येथें रग्बी नव्हे, फुटबॉल. पण गोष्ट त्याच जातीची, आणि आमच्या मतें अधिक मोठी.

हिस्लॉप कॉलेज आम्हां नागपूरकरांस परकें नाहीं. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८८३ सालीं स्थापिलेल्या ह्या कॉलेजांत विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यांत एके दिवशीं, भर पावसांत, झोपडपट्टींतील कांहीं मुलें एक फुटकी बादली लाथाडीत खेळत असलेलीं त्यांनीं पाहिलीं. चेंडू नव्हता, म्हणून बादली. बारसे सरांनीं त्यांस एक फुटबॉल आणून दिला. आमच्यांतील पुष्कळांनीं एवढें पुण्य केलेंहि असेल. पण चेंडू देऊन घरीं जाणें निराळें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथें जाऊन पाहणें निराळें. सर पाहत राहिले. खेळ चालू असेपर्यंत तीं मुलें वाईट संगतीस व व्यसनांस विसरून जातात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मग त्यांनीं केवळ झोपडपट्टींतील मुलांसाठीं सामने भरविले, आणि त्यांस १२८ संघ आले.

वाचकहो, ह्या आंकड्यापाशीं क्षणभर थांबावें. आमच्या मंडळास एक संघ पुरता उभा करतां येत नाहीं, आणि ह्याच शहरांत, ज्यांच्या पायांत बूट नाहींत अशा मुलांचे सव्वाशेंहून अधिक संघ उभे राहिले. ह्या उद्योगास आरंभीं ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असेंच साधें नांव होतें. पुढें ‘स्लम सॉकर’ ह्या नांवानें तें जगास माहीत झालें. सरांचे चिरंजीव अभिजित अमेरिकेहून परत येऊन ह्याच कामास लागले. नाक मुरडणाऱ्यांस ‘झोपडपट्टी’ हा शब्द बोचला असेल. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो.

ह्याच सुमारास युरोपांत, ज्यांस घरदार नाहीं अशा लोकांचा विश्वचषक निघाला होता. त्याचे पहिले सामने २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ शहरीं झाले. ह्या खेळाचें मैदान आमच्या पॅरिश हॉलहून फारसें मोठें नसतें: २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. एका बाजूस गोलरक्षक धरून चारच गडी, आणि सात सात मिनिटांचे दोन डाव. ह्या सामन्यांस हिंदुस्थानचा संघ पाठविण्याचें काम नागपूरच्या स्लम सॉकरकडे आलें. २०१० सालीं ब्राझीलमधील रिओ येथें त्या संघाचा कर्णधार अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तींतलाच तरुण होता. २०१६ सालीं जागतिक फुटबॉल संघटनेनें, म्हणजे फिफानें, आपलें विविधतेचें पारितोषिक ह्या संस्थेस दिलें. आणि २०२२ सालीं नागराज मंजुळे ह्यांनीं बारसे सरांच्या जीवनावर ‘झुंड’ हा चित्रपट काढला. चित्रपट पुष्कळांनीं पाहिला असेल. बादलीची गोष्ट मात्र चित्रपटापूर्वींची आहे.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक, पण देवळाच्या स्मरणिकेंत ह्याचें प्रयोजन काय? त्यांस आम्ही संत जॉन बॉस्को ह्यांचें स्मरण देतों. १८४१ सालीं गुरुदीक्षा मिळतांच त्यांनीं ट्युरिन शहरांतील रस्त्यावरचीं पोरें गोळा केलीं. त्यांस धर्मशिक्षण दिलें, आणि त्याबरोबर भरपूर खेळूंहि दिलें. शेजाऱ्यांनीं गोंगाटाच्या तक्रारी केल्या, जागेच्या मालकांनीं हांकलून दिलें, आणि हा पोरांचा तांडा घेऊन ते एका जागेहून दुसऱ्या जागीं हिंडत राहिले. अखेर १८४६ च्या ईस्टरला त्यांस एक छपरी मिळाली. ह्या कार्यास त्यांनीं संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचें नांव दिलें. आमच्या नागपूरच्या कॅथीड्रलचे आश्रयदाते तेच संत, आणि ज्या मिशनऱ्यांनीं ह्या प्रांतांत आमच्या श्रद्धेचा पाया घातला तेहि त्यांच्याच नांवाच्या संघाचे. ते ॲनेसीहून निघून विशाखापट्टणास उतरले तेंहि १८४६ सालींच. तेव्हां ॲनेसी व ट्युरिन हीं दोन्ही शहरें एकाच राजाच्या अमलाखालीं होतीं. म्हणजे छपरीतले पोरांचे फादर आणि आमचे फादर हे एका परीनें गांववालेच म्हणावयाचे!

आतां आमच्या मैदानाविषयीं, जें लिहिण्यास आम्ही बसलों होतों. नाल्यापलीकडील वस्तींतलीं मुलें पूर्वीं भिंतीवरून उड्या टाकून येथें खेळण्यास येत. त्यांत आमचीं मुलेंहि मिसळत. कोण कोणाचें हें संध्याकाळच्या धुळींत ओळखूंहि येत नसे. एके दिवशीं लूर्द मातेच्या गुहेपुढील दिव्याची कांच चेंडूनें फुटली. सभा भरली. भिंत दोन हात उंच करावी व फाटकास कुलूप लावावें असा ठराव झाला. त्या ठरावाखालीं ज्यांच्या सह्या आहेत त्यांत आमचीहि सही आहे, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. नाल्यापलीकडचीं मुलें येईनाशीं झालीं. पुढें आमचीं मुलेंहि येईनाशीं झालीं, कारण चौघांपांचांत कसला खेळ होणार? गवत मात्र छान वाढलें. सणाच्या दिवशीं मोटारी उभ्या करण्यास जागा झाली, ह्याबद्दल कित्येकांनीं आमचें अभिनंदनहि केलें होतें.

ज्युबिली फंडांतून खर्च वजा जातां कांहीं रक्कम उरेल असा खजिनदारांचा अंदाज आहे. तिची एक चांदीची ढाल करून प्रतिवर्षीं उत्तम संघास द्यावी, अशी एक सूचना आली आहे. सूचना चांगल्या हेतूनें केलेली आहे, पण ढाल घेण्यास संघ कोठून आणावयाचा हें तींत सांगितलेलें नाहीं. आम्हीं दुसरी सूचना लेखी दिली आहे: रकमेचे चेंडू व गोलाचीं जाळीं घ्यावीं, गुहेपुढें तारेची जाळी बसवावी, आणि दुपारीं चारपासून दिवेलागणीपर्यंत फाटक सर्वांस उघडें ठेवावें. पुढील हंगामांत आमच्या संघांत नाल्यापलीकडचे गडी घ्यावे कीं नाहीं, ह्यावर तरुणमंडळांत दोन मतें आहेत. वडीलधाऱ्यांत तर तीन. दोन्ही सूचना येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सभेपुढें यावयाच्या आहेत. फाटकाची किल्ली सॅक्रिस्टींतील खुंटीला आहे. आम्हीं परवां ती लावून पाहिली. कुलूप गंजलेलें असून तेल घातल्यावांचून उघडेल असें दिसत नाहीं.