जाळे कापले तर भरपाई कोण देणार?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. त्यांच्या आधाराने मासळी वाढते आणि मासळीवर मालवणचा कोळीवाडा जगतो. १९८७ मध्ये शासनाने इथले सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. हेतू चांगला होता. पण ज्यांची चूल याच पाण्यावर पेटते, त्यांच्या रोजीरोटीचे काय, याचे समाधानकारक उत्तर मच्छीमारांना मिळाले नाही. त्यामुळे विरोध झाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला.

हा विरोध निसर्गाला नव्हता, एकतर्फी ओझ्याला होता. समुद्री कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. मात्र ते जाळ्यात अडकले की सोडवण्यासाठी अनेकदा जाळे कापावे लागते. मच्छीमार गाबीत असो की दालदी, जाळे हेच त्याचे भांडवल. कासव सगळ्यांचे आणि नुकसान एकट्याचे, हा हिशेब कुणाला पटेल?

पुढे हा हिशेब थोडा बदलला. २०११ च्या सुमारास केंद्र आणि राज्य शासन, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण निधी यांचा प्रकल्प सिंधुदुर्गात आला. त्यासाठी जागतिक निधीचे अनुदान सुमारे ३४ लाख डॉलर होते. लहान मासळी निसटावी म्हणून जाळ्याच्या टोकाला चौकोनी आस बसवण्याचे प्रयोग झाले. खाडीत कालवे आणि खेकडे पाळायला महिला बचत गट पुढे आले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. कांदळवन टिकले तर आपला धंदा टिकेल, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

२०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आणली. त्यात सामूहिक प्रकल्पाचा ९० टक्के खर्च शासनाचा आणि १० टक्के गटाचा. स्वतःची गाठ सोडून दिलेल्या या १० टक्क्यांमुळे काम आपले वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित जलचर सोडवताना जाळे फाटल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय झाला. कासव सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रीकरण हा त्याचा पुरावा.

प्रश्न उरतो तो प्रकल्प संपल्यानंतरचा. अनुदानाला मुदत असते, निसर्गाला नसते. आपल्या पूर्वजांनी याचे उत्तर शोधले होते. अरबस्तानात 'हिमा' म्हणून राखीव कुरणे होती, पैगंबरांनी (स.) मदीनेजवळ नकी येथे असे कुरण राखले होते. वक्फचे तत्त्वही हेच : मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही, उत्पन्न लोकांसाठी खर्च करायचे. कोकणातील देवराई राखणाऱ्या गावांनी वेगळ्या श्रद्धेतून तेच केले.

किनाऱ्यावरच्या जमाती, देवस्थाने आणि मच्छीमार सोसायट्या यांनी मिळून असा एक कायम निधी उभारायला काय हरकत आहे? मूळ रक्कम शाबूत ठेवून उत्पन्नातून कापलेल्या जाळ्याची भरपाई वेळेवर मिळेल. शासनाचा पैसा येईल तेव्हा येईल, मच्छीमाराला मात्र दुसऱ्याच दिवशी समुद्रात जायचे असते.