कोरडवाहू शेतीची शंभर वर्षे



कामगार चळवळीतल्या माणसाने शेतीच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गिरणीच्या भोंग्यामागे धावणारा माणूस मुळात आला कुठून, हे विचारत गेले की वाट कोरड्या रानातच जाऊन पोहोचते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ चालू असताना, १८७७ साली, सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली. पाऊस हुकला की कारखान्याच्या दारात माणसे वाढतात आणि मजुरीचा दर पडतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. म्हणून जिरायत रान पिकते की नाही, हा प्रश्न आम्ही कामगारांचाही मानत आलो.

आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे वाचन सार्वजनिक ग्रंथालयात झाले. तिथे एक गोष्ट कळली, की कोरडवाहू शेतीला आपल्याकडे शास्त्र नव्हते असे नाही. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला या शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९३३ पासून सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक अशा पाच ठिकाणी संशोधन केंद्रे चालू झाली. सोलापूरचे काम एन. व्ही. कानिटकर यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ साली निघाला.

या मंडळींनी पहिले निदान केले ते असे: सोलापुरात पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे अगदीच थोडा नव्हे. दुखणे आहे ते त्याच्या लहरीपणात. जून-जुलैचा भरवसा नाही, सप्टेंबरचा त्यातल्या त्यात आहे. तेव्हा आकाशाकडे बघत बसण्यापेक्षा पडलेले पाणी रानातच मुरवावे आणि मुरलेले उडू देऊ नये. त्यासाठी समपातळीचे बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, बी कमी टाकावे आणि दोन ओळींत १८ इंच अंतर ठेवून वरचेवर कोळपावे. कोळप्याने तण मरते आणि काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात. त्या भेगांतूनच ओल निघून जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होतेच.

मग ही पद्धत घरोघर का गेली नाही? शेतकरी आळशी म्हणून, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही हिशेब मांडतो. खोल नांगराला बैलांच्या जोड्या हव्यात, खताला गुरे हवीत. ज्याच्याकडे एकच बैल, त्याने काय करावे? शिवाय उत्पन्नात पडणारी भर माफक होती; तेवढ्यासाठी कर्ज काढण्याची छाती कोणाची होणार?

पद्धतीतला एक भाग मात्र पसरला, तो म्हणजे बांधबंदिस्ती. १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि विजापूरकडच्या १९४२-४३ च्या दुष्काळात लोकांना बांधांच्या कामावर लावले गेले. यात चुकाही झाल्या. खोल काळ्या जमिनीत बांधाआड पाणी तुंबे, पीक पिवळे पडे, कित्येक बांध फुटले. पुढे अशा जमिनीत जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे उताराचे बांध घालावे लागले. पण धडा मोलाचा मिळाला. समपातळीची रेघ सातबारा पाहून चालत नाही. वरच्याने बांध घातला नाही तर खालच्याचा वाहून जातो. म्हणजे इथेही एकट्याचे चालत नाही, संघटना लागते!

१९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जात होती. आम्ही तिच्याजवळच्या झोळीत असू, असे घरात सांगत. त्या दिवसांतून वि. स. पागे यांच्या विचाराची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पगारातून ही कपात कशाला, असे सभासद आम्हाला विचारत, तेव्हा आम्ही सांगत असू, की गावात काम मिळाले तर तुमच्या जागेवर निम्म्या मजुरीत कोणी येणार नाही. १९९० पासून याच योजनेतून फळबागा आल्या. शेतकऱ्याला आपल्याच रानात खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागली. खडी फोडण्यापासून झाड लावण्यापर्यंतचा हा पल्ला आम्ही लहान मानीत नाही.

त्या उत्साहात आम्हीही गावी आंब्याची ४० कलमे लावली. खड्डे घाईने ऑगस्टमध्ये खणले आणि पुढचा उन्हाळा विसरलो. वर्षभराने ३ उरली. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी मग बोर दाखवली. उन्हाळ्यातच खड्डा खणून तापू द्यावा, माती-शेणखताने भरावा, पावसाच्या तोंडावर बोरीचे बी जागेवरच टोकावे, म्हणजे सोटमूळ न तुटता खोल जाते. रोप पेन्सिलीएवढे झाले की त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालावा, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, पहिले दोन उन्हाळे शेजारी मडके पुरून त्यातून पाणी पाझरू द्यावे. बोर उन्हाळ्यात पाने टाकून झोपते आणि हिवाळ्यात फळ देते; आपल्या ऋतूंशी तिचे भांडण नाही.

आज सोलापूरचे नाव डाळिंबासाठी घेतले जाते. २००५ साली तिथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले. पैसा आला, हे चांगलेच झाले. पण डाळिंबाला ठिबकचे पाणी लागते, आणि तेल्या रोग शिरला की सारी बाग हातची जाते. ज्याच्याकडे विहीर नाही त्याने शेजाऱ्याची बाग पाहून कर्ज काढू नये, एवढेच आमचे म्हणणे. त्याच्यासाठी बोर आहे, सीताफळ आहे, चिंच आहे, बांधबंदिस्तीतली मालदांडी ज्वारी आहे.

पाऊस कोणाच्या हातात नाही. पडलेला थेंब कोणाच्या रानात थांबावा, हे मात्र माणसेच ठरवतात. ते ठरवताना शहरातल्या कामगाराने गावातल्या शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.