दारावरची खूण: प्लेगची मुंबई आणि गल्लीतले क्रूस

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग नेहमीप्रमाणे थोडा आवरून इथे देतोय.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून. कॉलेजात असताना मी वांद्र्याच्या गावठाणांतून खूप भटकायचो. तिथे गल्लीच्या तोंडाशी दगडी चौथऱ्यावर क्रूस दिसतो. त्याला झेंडूचा हार, पायाशी वितळलेलं मेण. मला वाटायचं, ही कुणाची तरी कबर असणार. म्हणून मी जरा अंग चोरूनच पुढे जायचो. एकदा तिथे झाडलोट करणाऱ्या आजींना विचारलंच, "आजी, इथे कुणाला पुरलंय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "कुणाला नाय रे बाबा. माणसं पुरायची पाळी येऊ नये म्हणून उभा केलाय. पिलेगात."

आजचा भाग त्या एका वाक्यावर आहे.

सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर घरदार सोडून पळालं. आता एक गोष्ट लक्षात घ्या. प्लेगचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ याने दाखवलं 1898 मध्ये. म्हणजे मुंबईत साथ भडकली तेव्हा रोग नेमका येतो कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग संशय कुणावर? घरावर. कोंदट खोल्या, ओल, अंधार, गटारं यांच्यावर.

त्यामुळे सरकारने एका अर्थी घरावरच उपचार सुरू केले. जंतुनाशकाचे फवारे, चुन्याची सफेदी, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवणं. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला आणि घरात शिरून तपासणी करण्याच्या, रोग्याला उचलून नेण्याच्या अधिकाराला धार आली. पुण्यात याचं काय झालं, रँडचा खून कशातून घडला, ते आपण सगळे शाळेत शिकलोय.

या मोहिमेतली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अधिकारी भिंतींवर खुणा करत. प्लेगच्या रुग्णाची नोंद म्हणून वर्तुळ, आणि जी इमारत राहण्यास अयोग्य ठरली तिच्यावर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरं. त्या वेळच्या छायाचित्रांत अशी घरं दिसतात. ज्या दारावर आपण शुभ-लाभ लिहितो, तोरण बांधतो, त्याच्या शेजारी सरकार लिहून जातं, की या घरात मरण आहे. त्या घरातल्या माणसाला काय वाटलं असेल?

आता क्रूसाकडे येऊ. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या वाड्या-पाखाड्यांतले बरेच क्रूस याच साथीच्या काळात उभे राहिले. उभे करणारे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच, मराठीची बोली बोलणारे ख्रिस्ती. त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव अधिकृतपणे घेतलं 1887 मध्ये, प्लेगच्या जेमतेम नऊ वर्षं आधी. साथ टळावी म्हणून नवस, टळली म्हणून कृतज्ञता, गेलेल्यांची आठवण, अशी कारणं वेगवेगळी. सगळेच जुने क्रूस प्लेगचे आहेत असंही समजू नका. काही त्याच्याही आधीचे आहेत.

घराला आशीर्वाद देण्याची रीत ख्रिस्ती धर्मात जुनीच. ज्या घरात जाल तिथे आधी शांती मागा, असं येशू शिष्यांना सांगतो. 1614 च्या रोमन विधीग्रंथात घर आशीर्वादित करण्याच्या प्रार्थना आहेत. फादर येतात, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतात. जर्मनी-पोलंडकडे 6 जानेवारीच्या सुमारास आशीर्वादित खडूने चौकटीवर साल आणि तीन अक्षरं लिहितात. कास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार या तीन राजांची ती आद्याक्षरं, असं लोक मानतात. ख्रिस्ताने या घराला आशीर्वाद द्यावा, असा लॅटिन अर्थही लावला जातो. आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी बायबलमधली मिसरची गोष्ट आहे: दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेली घरं मृत्यू ओलांडून गेला, ती गोष्ट.

पण मुंबईत एक बदल झाला, आणि आज मला सांगायचंय ते हेच. इथे खूण एकेका दारावर थांबली नाही. ती गल्लीच्या तोंडाशी आली. विचार करा, भिंतीला भिंत लागलेली घरं, सामायिक विहीर. एकाच्या घरात उंदीर मेला की दुसऱ्याने बिछाना गुंडाळायचा. अशा वस्तीत एकट्या घराचं रक्षण कसं मागणार? म्हणून अख्ख्या पाखाडीचं एकच दार मानलं गेलं आणि राखण तिथे उभी राहिली. गावाच्या वेशीवर मरीआई बसवणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायला नकोच. सरकारचं वर्तुळ एका घराला वेगळं काढत होतं, क्रूस सगळ्यांना एकत्र आणत होता. मे महिन्यात अजूनही काही क्रूसांपुढे लोक जमतात, प्रार्थना होते आणि उकडलेले चणे वाटले जातात.

श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा सामना मी लावत नाहीये. रोग क्रूसाने हटला नाही. जानेवारी 1897 मध्ये याच शहरात हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती गोष्टही तितकीच मोठी. पण लस शरीराला मिळते. घाबरलेल्या वस्तीला धीर कोण देणार, हा प्रश्न तरी उरतोच.

तो 2020 मध्ये पुन्हा समोर आला. महाराष्ट्रात मार्च 2020 मध्ये लागू केला तो हाच 1897 चा कायदा. आमच्या इमारतीच्या फाटकालाही फलक लागला. ज्यांच्या घरी रुग्ण होता त्यांच्या दारासमोरून लोक पाऊल लांब टाकून जायचे. मीही जायचो, खोटं कशाला बोलू. एके संध्याकाळी समोरच्या काकूंनी आपला डबा त्या बंद दाराबाहेर ठेवला आणि उंबऱ्याशी पणती लावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात तीन डबे होते. त्यातला एक आमचा.

आता थोडं काळजीचं. एप्रिल 2017 मध्ये वांद्र्याच्या बाझार रोडवरचा एक जुना क्रूस महापालिकेने अनधिकृत धार्मिक बांधकाम म्हणून पाडला. तो खाजगी जागेत असल्याचं रहिवासी सांगत होते. त्या वादात मी पडत नाही. पण प्लेगच्या सरकारी खुणा सफेदीखाली कधीच गेल्या. सामान्य माणसांनी त्या दिवसांची स्वतः करून ठेवलेली नोंद म्हणजे हे चौथरे. त्यांवर कोरलेली सालं वाचून, लिहून, फोटो काढून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गावठाणातून जाताना अंग चोरू नका. थांबा, साल वाचा. आणि जवळ कुणी आजी झाडत असतील, तर विचारा.

भेटू पुढच्या भागात.