बेस गिटार आणि तिचे हौशी वादक

गवयाच्या बैठकीस जाणाऱ्या वाचकांनीं एक गोष्ट पुष्कळदां पाहिली असेल. गवई मध्यें बसतो, एका बाजूस तबलजी, दुसऱ्या बाजूस पेटीवाला, आणि पाठीमागें तंबोरा घेऊन एखादा शिष्य बसलेला असतो. बैठक संपल्यावर लोक गवयाची वाहवा करतात, तबलजीस शाबासकी देतात. तंबोऱ्यावर कोण होता, हें दुसऱ्या दिवशीं सहसा कोणास आठवत नाहीं. तथापि तोच तंबोरा मध्येंच थांबला, तर गवयाच्या पायांखालची भूमि सरकल्यासारखी होते. पाश्चात्य पद्धतीच्या लहान वाद्यमेळांत हें पाठीमागचें काम ज्या वाद्याकडे आहे, त्या बेस गिटारचा थोडका इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. साम्य अर्थात् एका मर्यादेपर्यंतच खरें. तंबोरा एकच आधार अखंड धरून ठेवतो. बेस गिटार क्षणोक्षणीं खर्जाचे नवे स्वर घेत एकीकडे ड्रमच्या ठेक्याशीं आणि दुसरीकडे गाण्याच्या स्वरसंगतीशीं नातें जोडीत चालते. परंतु श्रोत्यांच्या विस्मृतीपुरतें दोघांचें दैव एकच होय.

ह्या विषयाकडे आम्ही केवळ इतिहासाचे अध्यापक म्हणून वळलों नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. १९८९ सालीं मुंबईस महाविद्यालयांत शिकत असतां आम्हीं पांच मित्रांनीं मिळून एक वाद्यमेळ काढला. एकाचा गळा बरा होता, एकाच्या चुलत्यानें ड्रम आणून ठेविले होते, आणि उरलेले आम्ही तिघे गिटार वाजवीत होतों. तीन गिटारींचें प्रयोजन नाहीं असें ठरलें, तेव्हां तिघांत जो सर्वांत वाईट वाजवीत असे त्यानें बेस घ्यावा, असा न्याय झाला. हा मान आमच्याकडे आला. त्या वेळीं तो अपमान वाटला होता. पुढें ह्या वाद्याचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां हाच न्याय जगांत अनेक ठिकाणीं झालेला आहे, हें पाहून आमचें समाधान झालें.

पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम पूर्वापार डबल बेस ह्या वाद्याकडे असे. व्हायोलिनसारखा दिसणारा, परंतु सुमारें सहा फूट उंचीचा आणि पिंपासारख्या पोटाचा असा हा प्रचंड सांगाडा. त्याच्या मानेवर पडदे नसतात. त्यामुळें कोठें बोट टेकलें असतां कोणता स्वर निघेल, हें ज्ञान वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें हातांत मुरावें लागतें. त्याच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१ असतात. इतका खोल स्वर कानापेक्षां छातीस अधिक जाणवतो, आणि तो लांबवर पोंचविण्यास शक्ति फार लागते. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत विजेच्या गिटारी बोकाळल्या, नाचघरांतला गोंगाट वाढला, आणि डबल बेसवाला घाम गाळूनहि ऐकूं येईनासा झाला. एव्हरेट हल नांवाच्या एका डबल बेस वादकानें १९४६ च्या सुमारास, वाद्य ज्या दांड्यावर जमिनीस टेकतें त्या दांड्याबरोबर मायक्रोफोन आंत बसविण्याची युक्ति काढली; पुढें प्रसिद्धीस आलेल्या ॲम्पेग ह्या नांवाचा उगम त्यांत आहे. पण वाद्याचा आकार आणि त्याची ने-आण हीं संकटें तशींच राहिलीं.

ह्या संकटांवर उपाय काढणारे दोन गृहस्थ झाले. त्यांपैकीं पहिले सिएटल येथील पॉल टटमार्क. त्यांनीं १९३६ च्या सुमारास गिटारप्रमाणें आडवें धरून वाजविण्याचें, पडदे असलेलें, विजेवर चालणारें खर्जाचें वाद्य तयार केलें. परंतु काळ अनुकूल नव्हता, आणि तें वाद्य फार थोड्यांच्या हातीं गेलें. दुसरे लिओ फेंडर. हे मूळचे हिशेबनीस. मंदीच्या दिवसांत नोकरी गेल्यावर त्यांनीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं १९३८ सालीं रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. वादक लोक आपलीं बिघडलेलीं ध्वनिवर्धक यंत्रें त्यांच्याकडे आणीत, आपलीं गाऱ्हाणीं सांगत, आणि फेंडर तीं मन लावून ऐकत. १९५१ सालीं त्यांनीं बाजारांत आणलेली ‘प्रिसिजन बेस’ ही अशा गाऱ्हाण्यांतून जन्मास आली. भरीव लाकडाचें अंग, ३४ इंच लांबीच्या चार तारा, तारांखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें, आणि मानेवर पडदे. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. पडद्यांमुळें स्वर बिनचूक लागतो, एवढाच त्या नांवाचा अर्थ. चमत्कार असा कीं, ज्या माणसानें हें वाद्य जगास दिलें, त्यास स्वतःस गिटार वाजवितां येत नसे.

वरवर पाहतां ही केवळ सोयीची गोष्ट दिसते. आमच्या मतें तिचें महत्त्व त्याहून पुष्कळ मोठें आहे. पडदे येतांच खर्जाचें काम अनेक वर्षांच्या तालमीच्या बंधनांतून सुटलें, आणि दिवसा कचेरींत अगर कारखान्यांत राबून संध्याकाळीं वाजवूं पाहणाऱ्या हौशी माणसाच्या आटोक्यांत आलें. धंदेवाईक वादकांनीं प्रथम नाकें मुरडलीं. तरी मंक मॉंट्गोमेरी ह्या डबल बेस वादकानें हें नवें वाद्य पत्करलें, आणि १९५३ सालीं लायनेल हॅम्पटन यांच्या वाद्यवृंदाबरोबर तें युरोपांत नेलें. उलट, एल्व्हिस प्रेस्ली यांच्या साथीचा बिल ब्लॅक हा डबल बेसवाला १९५७ सालीं एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं नव्या बेस गिटारवर इतका वैतागला कीं, त्यानें ती खालीं टाकली व तो निघून गेला, आणि मग प्रेस्लींनीं स्वतःच तो भाग वाजविला, असें सांगतात. एका वाद्यांत मुरलेल्या हातास दुसरें वाद्य सोपें असूनहि अवघड जातें, हें त्यावरून दिसतें.

इंग्लंडांत हा इतिहास अधिक गमतीचा झाला. तेथें १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यांच्या आयातीस बंदी होती. तेव्हां फेंडरची गिटार चित्रांतच पाहावयाची. त्यांतच १९५६ सालीं लॉनी डोनेगन यांच्या एका ध्वनिमुद्रिकेमुळें ‘स्किफल’ ह्या घरगुती संगीताचें वारें सुटलें, आणि गल्लोगल्लींच्या मुलांनीं मेळे काढले. खर्जासाठीं त्यांनीं चहाचें रिकामें खोकें पालथें घातलें, त्यावर केरसुणीचा दांडा उभा केला, आणि दांड्यापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणली. दांडा मागें ओढला कीं स्वर चढे, सैल सोडला कीं उतरे. हीं पातळ फळ्यांचीं खोकीं आपल्याकडील व सिंहलद्वीपांतील मळ्यांचा चहा घेऊन विलायतेस जात, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या संगीताशीं आपलाहि एक अकल्पित संबंध जडतो. लिव्हरपूलच्या ज्या शाळकरी मेळ्यांतून पुढें बीटल्सचा उदय झाला, त्या मेळ्यांतहि असेंच खोकें होतें.

त्या मेळ्याचा पुढचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ हा चित्रकलेचा विद्यार्थी. १९६० च्या आरंभीं त्याचें एक चित्र ६५ पौंडांस विकलें गेलें; मित्रांनीं गळ घातली, आणि त्यानें त्या पैशांतून बेस गिटार घेतली. वादनांत त्यास फारशी गति नव्हती. १९६१ सालीं चित्रकलेसाठीं त्यानें मेळा सोडला, आणि १९६२ च्या एप्रिलांत अवघ्या २१ व्या वर्षीं तो वारला. त्याच्या जागीं बेस घेण्यास कोणीच उत्सुक नव्हतें. तें काम पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यांत पडलें. त्यांनीं जर्मनींतील हांबुर्ग येथें सुमारें ३० पौंडांस व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस घेतली. फेंडर परवडण्यासारखी नव्हती. शिवाय हॉफनरचे दोन्ही खांदे सारखे असल्यामुळें डावखुऱ्या माणसाच्या हातांत ती विशोभित दिसत नसे. अमेरिकेंत कॅरल के ह्या गिटारवादक बाईंवरहि १९६३ सालीं असाच प्रसंग आला. ध्वनिमुद्रणास बेसवाला आलाच नाहीं, म्हणून त्यांच्या हातीं बेस देण्यांत आली. पुढें शेंकडों गीतांचा खर्ज त्यांनीं सांभाळला. सारांश, ह्या वाद्याकडे आवडीनें आलेल्यांपेक्षां अडचणीनें आलेल्यांनीं त्याचा इतिहास अधिक घडविला आहे.

आमची अडचण द्रव्याची होती. आमची गिटार कलकत्त्यास तयार झालेली व तिसऱ्या हातानें आमच्याकडे आलेली. तिची मान पावसाळ्यांत वांकत असे, आणि मग बाराव्या पडद्याच्या पुढचे सर्व स्वर चढे लागत. परदेशी तारांची किंमत आमच्या महिन्याच्या खर्चाइतकी असे. म्हणून मळलेल्या तारा काढून पाण्यांत उकळावयाच्या, पुसावयाच्या, आणि पुन्हां चढवावयाच्या. त्यानें त्यांचा नाद थोडे दिवस परत येतो. हा विधि स्वयंपाकघरांत चाले. आई एवढेंच म्हणे, “अरे, त्याच पातेल्यांत मला संध्याकाळीं आमटी करायची आहे!”

खरी पंचाईत ध्वनिवर्धकाची. खर्जाचा स्वर उमटविण्यास कर्ण्याच्या पडद्यास मोठा झोका घ्यावा लागतो, म्हणून बेससाठीं निराळें, भक्कम यंत्र लागतें. फेंडरनें १९५२ सालीं ह्याच कामासाठीं ‘बेसमन’ हें यंत्र काढलें होतें. पण पुढें त्याचा मधुर आवाज गिटारवाल्यांनाच इतका आवडला कीं, त्यांनींच तें उचललें, आणि जिम मार्शल यांचें पहिलें प्रसिद्ध यंत्रहि त्याच्याच धर्तीवर झालें. बेसवाल्यासाठीं केलेली वस्तुसुद्धां बेसवाल्याकडे राहिली नाहीं! आमच्याकडे तर मंडपवाल्याकडून भाड्यानें आणलेलें यंत्र असे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत, दुसरें गाणें ऐन रंगांत आलें असतां, त्याचा कर्णा फाटला. एक फरफर झाली आणि आमचा आवाज बंद पडला. गिटारी चालू होत्या, गायन चालू होतें. काय नाहींसें झालें हें श्रोत्यांस कळलें नसावें. परंतु पुढें नाचणाऱ्या मुलांचे पाय मंदावले, ठेका ढिला पडला, आणि एरव्हीं कधींहि मागें न पाहणारा आमचा गायक वळून आमच्याकडे पाहूं लागला. आमच्या हातांत काय होतें, हें त्या क्षणीं आम्हांस प्रथम समजलें.

हें जाणून घेण्यास ज्यास कर्णा फाटण्याची गरज नव्हती, अशा एका थोर वादकाची हकीकत येथें सांगितली पाहिजे. डेट्रॉइट शहरीं मोटाउन नांवाची ध्वनिमुद्रणसंस्था होती. तिच्या १९६० नंतरच्या दशकांतील बहुतेक लोकप्रिय गीतांचा खर्ज जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) ह्यांच्या हातचा आहे. ते उजव्या हाताच्या एकाच तर्जनीनें तार छेडीत, आणि १९६२ सालच्या आपल्या प्रिसिजनच्या तारा तुटल्याशिवाय बदलीत नसत. मळलेल्या तारेंतच नादाचा गाभा आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनीं खर्जास स्वतःची चाल दिली. गाण्याखालीं दुसरें गाणें चालावें, तसें त्यांचें वादन चाले. परंतु ध्वनिमुद्रिकांवर गायकांचींच नांवें छापलीं जात. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ह्या ध्वनिमुद्रिकेवर जेमर्सन यांचें नांव आलें, तोंपर्यंत त्यांच्या उमेदीचीं बारा वर्षें निघून गेलीं होतीं. १९८३ सालीं त्या संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्या समारंभास ते तिकीट विकत घेऊन प्रेक्षकांत बसले होते, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्याच वर्षीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

हा अन्याय केवळ परदेशचा म्हणून आपण त्यावर हळहळून स्वस्थ बसणें बरें नव्हे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा डोलारा फार अंशीं गोव्याच्या वादकांनीं उचललेला आहे. चर्चच्या शाळांतून लहानपणींच त्यांस पाश्चात्य स्वरलिपीचें शिक्षण मिळे, आणि तें भांडवल घेऊन ते मुंबईस येत. पडद्यावर संगीतदिग्दर्शकाचें नांव येई. वाद्यवृंदांतल्या वादकांचीं सहसा येत नसत. राहुलदेव बर्मन यांच्या गीतांत टोनी वाझ यांची बेस गिटार आपण सर्वांनीं ऐकली आहे. नांव मात्र कितीजणांस ठाऊक आहे?

शेवटीं दोन वाद्यांची गोष्ट सांगून आम्ही रजा घेतों. मॅकार्टनी यांची ती ३० पौंडांची हॉफनर १९७२ सालीं लंडनमध्यें चोरीस गेली. चाहत्यांनीं तिच्या शोधाची मोहीम काढली, आणि ती मूळ मालकास परत मिळाल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. जेमर्सन यांची १९६२ सालची प्रिसिजनहि त्यांच्या मृत्यूच्या थोडी आधीं चोरीस गेली. ती सांपडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कदाचित् एखाद्या घराच्या माळ्यावर, तिचें मोल न जाणणाऱ्या कोणाच्या अडगळींत, ती त्याच जुन्या तारांनिशीं पडलेली असेल. वाचकांनीं आपल्या आवडीचें एखादें जुनें गीत पुन्हां लावावें, आणि एकदां तरी गायकाकडे लक्ष न देतां तळाशीं चाललेल्या त्या जाड तारेच्या मागोमाग शेवटपर्यंत जाऊन पाहावें. एवढें झालें, तर ह्या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.