गाभण व स्तनदा उंदरांचे निवासस्थान (प्रयोगशाळा प्रजनन)

गाभण व स्तनदा उंदरांचे निवासस्थान म्हणजे प्रयोगशाळेसाठी उंदरांची पैदास करणाऱ्या वसाहतीत गाभण मादीसाठी आणि विल्यानंतर पिल्ले सुटी होईपर्यंत ती व तिची पिल्ले यांच्यासाठी केलेली स्वतंत्र व्यवस्था होय. हा लेख रॅटस नॉर्वेजिकस या जातीच्या माणसाळलेल्या पांढऱ्या उंदराविषयी आहे. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नसल्यामुळे त्याचे जगणे जवळजवळ पूर्णपणे आई आणि घरटे यांवर अवलंबून असते. म्हणून ऊब, कोरडेपणा आणि शांतता ही या निवासाची मुख्य उद्दिष्टे मानली जातात.

जीवनक्रम

उंदराच्या मादीचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो. एका विणीत साधारणपणे ६ ते १२ पिल्ले होतात. जन्मतः पिल्लू सुमारे ५ ते ६ ग्रॅम वजनाचे, केसविरहित, आंधळे व बहिरे असते. पहिल्या आठवड्याअखेर अंगावर लव दिसू लागते आणि १४ ते १६ दिवसांत डोळे उघडतात. त्यानंतर ते घट्ट अन्न कुरतडू लागते. २१ व्या दिवसाच्या सुमारास पिल्लांना आईपासून वेगळे केले जाते. मादीला स्तनाग्रांच्या सहा जोड्या असतात.

मादी वेगळी करणे

प्रजननासाठी एक नर व एक मादी किंवा एक नर व अनेक माद्या एकत्र ठेवण्याची पद्धत आहे. दुसऱ्या पद्धतीत गाभण मादीला विण्याच्या काही दिवस आधी स्वतंत्र पिंजऱ्यात हलवतात, म्हणजे तिला नव्या जागेची सवय होऊन घरटे बांधण्यास वेळ मिळतो. विल्यानंतर सुमारे २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर त्याच पिंजऱ्यात राहिल्यास ती पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. मादीला विश्रांती द्यावयाची असल्यास किंवा गर्भधारणेची तारीख नेमकी हवी असल्यास नर आधीच काढून घेतात.

पिंजरा, अंथरूण व घरटे

विणीसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेटचा, सपाट भरीव तळाचा पिंजरा वापरतात. जाळीच्या तळात पिल्लांचे पाय अडकतात आणि खालून लागणाऱ्या हवेमुळे ती गारठतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मादी व तिच्या विणीसाठी सुमारे ८०० चौ. सेंमी. तळ आणि सुमारे १८ सेंमी. उंची सुचवली आहे.

भारतात अंथरुणासाठी भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाच्या गाभ्याचा चुरा वाफेने निर्जंतुक करून वापरतात. चीड व देवदार यांच्या प्रक्रिया न केलेल्या भुशातील सुगंधी द्रव्यांमुळे यकृतातील विकरांची क्रिया बदलते व त्याचा औषधचाचण्यांच्या निष्कर्षांवर परिणाम होतो, म्हणून तो टाळतात. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या किंवा मऊ कागद देतात. मादी ते फाडून खोलगट घरटे करते आणि बाहेर सरकलेले पिल्लू तोंडात धरून परत आणते.

दूध पाजण्याच्या काळात मादीचा आहार दुपटीहून अधिक वाढू शकतो, त्यामुळे खाद्य व पाणी अखंड उपलब्ध ठेवावे लागते. पाण्याची बाटली गळल्यास अंथरूण भिजते आणि पिल्ले गारठून मरतात.

तापमान, आर्द्रता व प्रकाश

खोलीचे तापमान साधारणतः २० ते २६ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि तासाला १० ते १५ वेळा हवापालट ही प्रचलित मर्यादा आहे. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे तीव्र प्रकाशाने त्याच्या दृष्टिपटलाला इजा होते, म्हणून प्रकाश मंद ठेवतात.

महाराष्ट्रात हवामानानुसार अडचणी बदलतात. मुंबई व कोकणातील दमट हवेत अंथरूण लवकर ओलसर होते आणि मूत्रातून निर्माण होणाऱ्या अमोनियाने श्वसनमार्गाला त्रास होतो. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगाव (ता. नेवासे) परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या आसपास जाते व हवा कोरडी असते. अतिशय कोरड्या हवेत दुधावरील पिल्लांच्या शेपटीवर आवळल्यासारखी वलये पडतात व शेपटीचा टोकाकडील भाग झडू शकतो. कोरड्या भागात पाण्यावर चालणारा कूलर तापमान उतरवून आर्द्रताही वाढवतो, दमट किनारपट्टीवर मात्र तो फारसा उपयोगी ठरत नाही.

हाताळणी

अनावश्यक हाताळणी, मोठा आवाज किंवा परका वास यांमुळे मादी पिल्लांकडे दुर्लक्ष करते, क्वचित त्यांना खाते. म्हणून विण्याच्या आधीचे एक-दोन दिवस आणि नंतरचे काही दिवस पिंजरा बदलत नाहीत. पुढे बदलताना जुन्या घरट्याचा थोडा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवतात. नवजात पिल्लाच्या पातळ त्वचेतून पोटातील पांढरे दूध दिसते. त्यामुळे पिल्ले न हाताळताही ती पाजली जात आहेत की नाहीत, हे ओळखता येते. पिंजऱ्यावरील पत्रकात नर-मादीचा क्रमांक, विण्याची तारीख, जन्मलेली व जगलेली पिल्ले यांची नोंद असते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी व कायदा

१८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर वॉल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या शासकीय निवासात आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तेथे उंदीर हा प्रथम रोगप्रसाराच्या संदर्भात अभ्यासाचा विषय होता. पुढे पांढरा उंदीर लस, औषध व प्रजननविषयक संशोधनातील नेहमीचा प्रयोगप्राणी बनला.

भारतात ही पैदास प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील प्राण्यांची पैदास व त्यांवरील प्रयोग यांविषयीच्या १९९८ च्या नियमांच्या कक्षेत येते. पैदास करणाऱ्या संस्थेस नोंदणी करून नोंदी ठेवाव्या लागतात. निवास सदोष असल्यास पिल्ले दगावतात, वाचलेल्यांची वाढ असमान होते आणि प्रयोगाचे निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाहीत. परिणामी तोच प्रयोग पुन्हा करण्यासाठी आणखी प्राणी लागतात. म्हणून चांगले निवासस्थान हे प्राणिकल्याणाइतकेच संशोधनाच्या गुणवत्तेचेही अंग मानले जाते.