स्टेनलेस स्टीलच्या शस्त्रालाही गंज लागतो. पावसाळ्यात निगा कशी राखायची?

स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर घेतलं की गंजाची काळजी मिटली, असा अनेक परवानाधारकांचा समज असतो. पण कामवारी नदी आणि खाडीच्या शेजारी वसलेल्या भिवंडीत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. कपाटात पडून राहिलेल्या शस्त्रावर तेवढ्या काळात तपकिरी ठिपके दिसू शकतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, समजून घेऊया.

'न गंजणारं' स्टील का गंजतं?

या स्टीलचा शोधच बंदुकीमुळे लागला. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्यांची झीज कमी करण्यावर काम करत होते. त्यातून १९१३ साली भरपूर क्रोमियम असलेलं, सहज न गंजणारं स्टील तयार झालं.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच गंज रोखतो. घामातलं किंवा खाऱ्या हवेतलं मीठ हा थर जागोजागी भेदतं. मळ साचलेल्या फटींमध्ये ऑक्सिजन कमी पोहोचतो, त्यामुळे थर पुन्हा तयार होत नाही.

मग घरातली भांडी वर्षानुवर्षं चकचकीत कशी राहतात? भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. नळीसाठी वापरल्या जाणाऱ्या '४१६' प्रकारात क्रोमियम १२ ते १४ टक्केच असतं. शिवाय स्प्रिंग, पिन, स्क्रू हे भाग अनेकदा साध्या स्टीलचे असतात.

साफसफाई कशी करायची?

१. आधी शस्त्र रिकामं करा. चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून दूर असू द्या.

२. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलंय तेवढेच भाग सुटे करा.

३. नळीतून सॉल्व्हंट लावलेला ब्रश आणि नंतर कोरडी चिंधी फिरवा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करा.

४. बाहेरचे ठिपके तेल आणि नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. साधी लोखंडी घासणी वापरू नका. तिचे कण पृष्ठभागावर रुततात आणि तेच गंजतात. ब्लीचही नको, त्यात क्लोरीन असतं.

५. शेवटी गन ऑइलचा पातळ थर द्या. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं. तेल जास्तही नको. यंत्रमागांच्या या शहरात हवेत कापसाचा तुसा असतो. तो तेलावर चिकटतो आणि ओलावा धरून ठेवतो.

ठेवायचं कुठे?

चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायमचं ठेवणं ही नेहमीची चूक. चामडं ओल शोषतं आणि ती धातूला लागून राहते. शस्त्र कोरड्या, कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. हाताळल्यावर दर वेळी घाम पुसा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी तपासणी करा. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर आधी ते साफ करून तेल लावा. तिथे ते कित्येक आठवडे पडून राहू शकतं.

कायद्याचा मुद्दा विसरू नका

गंज काढायला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावण्याचा मोह होतो. पण त्यात शस्त्रावरचा क्रमांक पुसला जाऊ शकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह खोडणं किंवा बदलणं याला मनाई आहे. गंज खोलवर गेला असेल, नळीत खड्डे दिसत असतील किंवा सिलिंडर अडकत असेल, तर ते शस्त्र चालवू नका. दुरुस्तीसाठी परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच जा आणि आपला परवाना सोबत ठेवा.